कोल्हापुरात नवीन आलात? गाणं, नाटक, पालखी आणि कुस्ती गाठायची कशी

बदली होऊन आलेले बँकेतले साहेब असोत, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रुजू झालेला पोरगा असो, की शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहात नुकतीच ट्रंक ठेवलेली पोरगी असो, पहिल्या महिन्यात सगळ्यांची तक्रार एकच. कोल्हापुरात काही होतच नाही. तिकिटांचं ॲप उघडलं की दोन सिनेमे आणि एखादा स्टँड-अप दिसतो, संपलं. त्याच संध्याकाळी दसरा चौकात चित्रांचं प्रदर्शन चालू असतं, पेठेत कुठंतरी शाहीर डफावर थाप मारत असतो आणि एखाद्या सभागृहात हौशी मंडळी पडदा वर घेत असतात.

इथले बहुतेक कार्यक्रम फुकट असतात, त्यामुळं ते ॲपवर यायचं कारणच नाही. ते कळतात तिथीवरून, पेठेतून आणि माणसांकडून. तेव्हा शोधायची पद्धतच बदलावी लागते. खाली ती क्रमानं सांगतो.

१. आधी तिथीवाली दिनदर्शिका भिंतीला लावा

मोबाइलमधलं कॅलेंडर इथं अर्धंच कामाचं. चैत्र पौर्णिमा, ललितापंचमी, त्रिपुरारी पौर्णिमा हे तिन्ही दिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात आणि त्या-त्या दिवशी शहर वेगळंच असतं. वर्षाच्या सुरुवातीला पेन घेऊन बसा आणि गोल करून टाका.

तारखेनं येणारे दिवस थोडे आहेत, ते आधी उरका. १९ फेब्रुवारी शिवजयंती, १४ एप्रिल आंबेडकर जयंती, २६ जून शाहू जयंती. आंबेडकर जयंतीला बिंदू चौकात जाच; तिथं बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा असे अर्धपुतळे आहेत, आणि ते बसवले ९ डिसेंबर १९५० ला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. शिवजयंतीचं मात्र सांभाळून. १९ फेब्रुवारी झाली म्हणून संपली असं समजू नका. पेठांमधली जुनी मंडळं वैशाखात परंपरेनं शिवजयंती करतात, आणि पाळणा, पोवाडे, मर्दानी खेळ यांची खरी मजा त्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळीच असते.

अंबाबाईचा किरणोत्सवही तारखेनं येतो : नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, असा क्रम धरलेला आहे. प्रत्यक्षात एक ढग आडवा आला की किरणं अर्ध्यावर थांबतात, आणि मग रात्रभर गल्लीत चर्चा. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी पोचा. आत जागा मिळाली नाही तरी बाहेर स्क्रीनवर दिसतं.

२. चार-पाच वास्तू पायांनी ओळखून घ्या

एखाद्या रविवारी गाडी दसरा चौकात लावा आणि चालत फिरा. सगळं वीस-पंचवीस मिनिटांच्या टप्प्यात आहे.

दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन हा नव्या माणसाचा पहिला मुक्काम. इथं सभागृह आहे, कलादालन आहे, आणि व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, प्रदर्शनं यांची रांग लागलेली असते. काही कारण नसतानाही आत जा. शहरातल्या चित्रकला महाविद्यालयांतल्या पोरांची कामं इथं लागतात, आणि जलरंगाच्या बाबतीत कोल्हापूरचा हात अजून सुटलेला नाही. बाबूराव पेंटर यांच्या नावानं चालणारी फिल्म सोसायटी जगभरचे सिनेमे दाखवते, तिचं सभासदत्व घ्या. ज्या गावात १९२० साली बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा तयार झाला आणि १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली, तिथं सिनेमा फक्त मॉलमध्ये बघणं बरं दिसत नाही. येता-जाता खरी कॉर्नरला थांबून कॅमेऱ्याचं स्मारकही बघून घ्या.

तिथून भाऊसिंगजी रोडनं आत या. करवीर नगर वाचन मंदिर लागेल, १८५० सालचं. वर्गणी भरून पुस्तकं तर घ्याच, पण तिथल्या सूचना फलकावर एक नजर टाकायची सवय लावा. भवानी मंडप ओलांडून पुढं गेलात की खासबाग.

खासबागेत दोन गोष्टी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एक, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं कुस्तीचं मैदान. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळं पार मागं बसलेल्याला कुणाच्या डोक्याआड न येता पकड दिसते. दुसरं, १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं त्या रात्री या शहरानं बघितली, आणि त्यात नाटकात कधी काम न केलेलीच जास्त होती. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेतली गेली. तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच : जुन्या सवयीनं कुणी ‘नाट्यगृहात आहे’ म्हणालं, तर कोणत्या, हे विचारून घ्या. पेटाळ्यातला राम गणेश गडकरी हॉल आणि शाहू स्मारक यांच्यात गोंधळ झाला की पहिला अंक गेलाच.

खासबागेजवळच देवल क्लब आहे. गायन समाज देवल क्लब हे पूर्ण नाव, संस्था एकोणिसाव्या शतकातली. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि जयपूर-अत्रौली गायकी या गावात मुरली. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथंच राहिले आणि अंबाबाईच्या देवळात गायचे. इथल्या जुन्या श्रोत्यांना अनवट राग ओळखता येतात ते उगाच नाही.

३. बातमी कुठून मिळते

एक स्थानिक दैनिक लावा. पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत, कुठलंही चालेल. पहिलं पान सोडा. आतल्या शहर पानावर बारीक टायपात त्या दिवशीचे कार्यक्रम येतात, ते चहा पिताना वाचा. गाडीत रेडिओ लावत असाल तर टोमॅटो एफएम ऐकून शहरात काय शिजतंय ते कळतं.

दुसरी जागा म्हणजे चौकातला फळा. तालमीच्या दाराशी काळा फळा असतो, खडूनं रेखीव अक्षरात लिहिलेला, वर मंडळाचं नाव लाल खडूनं. वाढदिवसाची शुभेच्छा, कुणाच्या निधनाची बातमी आणि उद्याच्या पालखीची वेळ हे तिन्ही एकाच फळ्यावर एकाखाली एक असतं. डिजिटल फ्लेक्सवर पन्नास चेहरे आणि कोपऱ्यात वेळ, फळ्यावर उलटं.

तिसरी आणि सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे माणूस. पानपट्टीवाला, गॅरेजवाला, तुमच्या मालकांची आई. संकोच न करता विचारा.

“दादा, पालखी किती वाजता निघती?”

“निघंल की आठ-साडेआठला. तुम्ही नवीन दिसताय. हिकडं बसा, हितनं चांगली दिसती.”

बोलणं रांगडं असतं, पण राग आलाय असं समजू नका. खुर्ची मिळते, वर चहाही मिळतो. तुमच्यापेक्षा थोडा मोठा असेल तर दादा, वयस्कर असतील तर काका किंवा मावशी. ‘एक्स्क्यूज मी’ म्हणालात की चार माणसं वळून बघतात.

४. पहिला कार्यक्रम कोणता निवडावा

माझं स्पष्ट मत : गर्दीच्या उत्सवानं सुरुवात करू नका. नाटकानं करा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर होते. शासनाची स्पर्धा, तिकीट नाममात्र, आणि स्पर्धा चालू असेपर्यंत रोज संध्याकाळी नवं नाटक. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, वर्कशॉपमधला फिटर दिवसभर काम करून रात्री उभे राहिलेले असतात. काही प्रयोग फसतात, नेपथ्य डुगडुगतं, कुणीतरी वाक्य गिळतं. पण चारातला एक प्रयोग असा लागतो की मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं विसरावीत. ‘प्रत्यय’सारख्या इथल्या संस्थांनी हौशी रंगभूमीला जी शिस्त लावली तिचा वचक अजून दिसतो. मध्यंतरात बाहेर चहाच्या गाड्यावर थांबा, कारण खरं परीक्षण तिथं चालतं. दोन-तीन प्रयोगांना तोंडओळख झाली की पुढच्या कार्यक्रमाचे निरोप आपोआप येऊ लागतात.

गाण्याच्या बैठकीला जाताना एवढं लक्षात ठेवा. भारतीय बैठक असेल तर सहज मांडी घालता येईल असे कपडे घाला, चप्पल कुठं काढली ते बघून ठेवा. विलंबित ख्याल चालू असताना उठायचं असेल तर बंदिश संपेपर्यंत थांबा. समेवर मान हलवली नाही तरी चालतं, पण मोबाइलवर चित्रीकरण करायला हात वर केलात तर मागून पाठीवर बोट येईल. गाणं कळत नाही म्हणून टाळू नका. शेजारच्या काकांना ‘हा कुठला राग?’ विचारलंत तर ते मध्यंतरात तुम्हाला सोडणार नाहीत, एवढा एकच धोका. दिवाळीत पहाटेच्या मैफली ठिकठिकाणी होतात, त्या नवख्या कानाला सोप्या. एखादं भजन, एखादं नाट्यगीत, आणि मग घरी फराळ.

५. नवरात्र आणि दसरा : हे नियोजन करूनच

हे दहा दिवस पकडले तर अर्धं कोल्हापूर कळलं. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात आणि रात्री देवळाच्या आवारात पालखी फिरते. दिवसा दर्शनाची रांग तासन्‌तास असते. तेवढा वेळ नसेल तर मुखदर्शनाच्या रांगेतून या. पालखीसाठी मात्र रात्रीच जा. फुलांनी मढवलेली पालखी, पुढं चोपदार, बँडवर भक्तिगीत, आणि पालखी थबकली की गायकानं लावलेला सूर. दहा मिनिटांत सगळं पुढं सरकतं, म्हणून जागा आधी धरा.

ललितापंचमीला देवी टेकडीवर आपल्या बहिणीला, त्र्यंबोलीला म्हणजेच टेंबलाईला, भेटायला जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि क्षणात त्या फोडी मिळवायला जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते, पण बाजूला उभं राहून. लहान मूल खांद्यावर असेल तर टेकडीवरच्या मोकळ्या बाजूला थांबा. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. वाटेवरच्या गल्ल्या रांगोळ्यांनी भरून जातात. पालखी यायच्या तासभर आधी रस्ता पायी फिरून रांगोळ्या बघा, कारण पालखी गेल्यावर त्या उरत नाहीत.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात शाही सोहळा. छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, देवींच्या पालख्या येतात, शमीपूजन होतं, बंदुकीची सलामी झाली की लोक सोनं लुटायला धावतात. सूर्यास्ताच्या मुहूर्ताचा कार्यक्रम आहे, उशीर होत नाही. कोल्हापुरातल्या इतर कार्यक्रमांना अर्धा तास सूट धरून चालतं, इथं धरू नका. चारच्या आत गाडी लांब लावून चालत या. चौकाजवळ गाडी घालायचा विचारही नको, संध्याकाळी ती काढता येणार नाही.

६. गणपतीत सकाळी या

अनंत चतुर्दशीची मिरवणूक तुकाराम माळी तालमीच्या मानाच्या गणपतीनं सुरू होते, आणि महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश या जुन्या वाटेवर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नवख्यांनी सकाळीच यावं. तेव्हा ढोल-ताशे, लेझीम, झांजपथक, मर्दानी खेळ, पारंपरिक वेशातल्या बायका-पोरी असतात आणि रस्त्यावर हलायला जागा असते. रात्री साउंड सिस्टिमच्या भिंती लागतात. छातीत धडधड होईल इतका आवाज आणि डोळ्यांवर लेसर. ज्याला आवडतं त्यानं जावं. मला आवडत नाही. गेलातच तर कानात बोळे घाला, लेसरच्या दिशेनं बघू नका, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं घरी ठेवा.

विसर्जनापेक्षा आधीच्या रात्री देखावे बघत पेठांतून फिरणं मला जास्त सुखाचं वाटतं. राजारामपुरीत तांत्रिक आणि मोठ्या मूर्ती, शिवाजी पेठेत-मंगळवार पेठेत सजीव देखावे, म्हणजे गल्लीतल्याच पोरांनी केलेली पंधरा मिनिटांची नाटकं.

७. तालमीत पाय ठेवा

कुस्तीची लाल माती असलेला हौदा हा तालमीचा एक भाग. बाकी गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा संघ, महापुरात बोटी काढणं, कुणाच्या घरी मयत झालं तर धावणं, हे सगळं तिथूनच चालतं. आणि पंजेही, म्हणजे मोहरमचे पीर. मोहरमला इथल्या कित्येक तालमींत पीर बसतात, आणि ते बसवणारी मंडळी गणपतीवालीच असतात. २०१८ ते २०२० या वर्षांत दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा एकाच मांडवात गणपती आणि पंजा शेजारी बसले होते. मोहरममधल्या पंजेभेटी रात्री बघा. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर हा पंजा निघतो तेव्हा गर्दीत पाय टेकायला जागा राहत नाही. तिथल्याच बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे, तो दिवसा निवांत जाऊन बघा.

तुम्ही ज्या पेठेत राहता तिथल्या मंडळाची वर्गणी न मागता द्या आणि मांडव घालताना तासभर हात लावा. पुढच्या वर्षी तुम्हाला कार्यक्रम शोधावे लागणार नाहीत. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शाहू स्टेडियमवर याच तालमींचे फुटबॉल सामने होतात. पाटाकडील आणि दिलबहार, किंवा खंडोबा आणि शिवाजी तरुण मंडळ, असा सामना असेल तर प्रेक्षकांतली शेरेबाजी ऐकायला तरी जा. फक्त कुणाच्या बाजूला बसलाय ते बघून टाळी वाजवा.

८. जाहिरात नसलेले तीन दिवस

आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोलीला नदीचं नवं पाणी वाहतात. पोरी डोक्यावर घागरी घेऊन निघतात, पुढं पिपाणी आणि ढोलाचं ते खास वाद्य, ज्याला सगळे ‘पी ढबाक’ म्हणतात. टेंबलाईच्या पायऱ्यांवर पाणी ओततात. छत्री घ्या.

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव. पहाटे म्हणजे अंधारातच. उजाडल्यावर आलात तर विझलेल्या पणत्या दिसतील. घाटाच्या दगडी पायऱ्या तेलानं निसरड्या होतात, रबरी तळव्याची चप्पल घाला.

आणि दिवाळी पाडव्याच्या सुमाराला गवळ्यांच्या म्हशी. हे मात्र दुसरीकडं बघायला मिळणार नाही. कसबा बावडा, सागरमाळ, गवळी गल्ली, पंचगंगा घाट या भागात म्हशी सजवून आणतात. शिंगं तासून रंगवलेली, त्यांना मोरपिसं बांधलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून गाडी फटफटवत पुढं जातो आणि त्या आवाजाच्या मागं त्याची म्हैस भरधाव पळते. हजार माणसांच्या कोलाहलात तिला आपल्याच मालकाची गाडी कळते. त्यानं हाक मारली की दोन पायांवर उभीही राहते. मोबाइल घेऊन रस्त्याच्या मधे जाऊ नका, म्हैस ब्रेक लावत नाही.

९. शहराबाहेर

जोतिबाची चैत्र यात्रा पहिल्या वर्षी चुकली तरी चालेल, दुसऱ्या वर्षी नको. वाडी रत्नागिरीचा डोंगर शहरापासून साधारण वीस किलोमीटर. चैत्र पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या नाचवत आणतात. पहिला मान निनाम पाडळीच्या काठीला. उंच काठी एक माणूस कमरेच्या आधारावर तोलतो आणि बाकीचे तोरण्या, म्हणजे काठीला बांधलेल्या दोऱ्या, ताणून धरतात. ‘चांगभलं’च्या गजरात गुलाल इतका उधळतात की डोंगर गुलाबी होतो. जुने कपडे घाला, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, डोळ्यांना चष्मा असलेला बरा. स्वतःची गाडी नेऊ नका. एसटी आणि केएमटीच्या (महापालिकेच्या बस) जादा गाड्या असतात. उतरून आल्यावर झोप काढा, कारण दुसऱ्या दिवशी रात्री शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो.

दिवाळीच्या आधी पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. धनगरी ढोल, गजीनृत्य, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं आणि फरांडे बाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी. गुलालाचं जोतिबाला, भंडाऱ्याचं पट्टणकोडोलीला. दोन्हीकडं पांढरा शर्ट घालू नका.

गावजत्रांचा हंगाम सुरू झाला की कुस्तीची मैदानं लागतात. जाहिरातीवर पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीची जोडी मोठ्या अक्षरात असते, पण ती सगळ्यात शेवटी, दिवेलागणीला लागते. दुपारी तीनच्या सुमाराला जा. आधी गावातली शेंबडी पोरं लंगोट लावून उतरतात, मग हळूहळू वजन वाढत जातं. हलगी आणि घुमकं चालू असतं, आणि एखाद्यानं चांगला डाव मारला की प्रेक्षकांतून कुणीतरी उठून त्याच्या हातात बक्षिसाची नोट ठेवतो. तुम्हीही ठेवू शकता, ओळख लागत नाही. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते मात्र गावात उतरल्या-उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा.